गोल भोकांचे तांबे

परवा रविवारी माझी नात आणि तिचा नवरा जेवणाच्या टेबलावर तासभर भांडले. कारण कॉम्प्युटर. दोघांच्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या, आणि दोघांचं आपापल्या सिस्टिमवर कुलदैवतासारखं प्रेम. ती म्हणत होती, माझी झटकन उघडते, कामं उरकते. तो म्हणत होता, झटकन उघडते आणि झटकन मान टाकते. माझी वर्षभरात एकदा बंद पडलेली नाही. "बंद पडायला आधी चालावं लागतं," ती म्हणाली. आमटी निवून गेली. मग दोघं एकदम म्हणाले, "आजी, तू सांग!" आणि हसले, कारण आजीला यातलं काय कळणार.

मी ताट उचललं आणि आत गेले. हेच भांडण मी साठ वर्षांपूर्वी परळला रोज ऐकत होते, सलग तीन वर्षं. तेव्हा कॉम्प्युटर हा शब्दही आमच्या कानांवर आलेला नव्हता, पण भांडण हेच. जलद कोण, आणि भरवशाचं कोण? एका बाजूला मिस डिमेलो. दुसऱ्या बाजूला तांबे.

परळला एका धर्मादाय ट्रस्टचं कार्यालय होतं. गिरणगावातल्या चाळींमधून क्षयाची पाहणी करायची, हे ट्रस्टचं काम. एक्स-रेची गाडी चाळीच्या तोंडाशी उभी राहायची. माणसं रांगेनं छातीचा फोटो काढून घ्यायची. डॉक्टर फोटो बघून फॉर्मवर शेरा मारायचे, आणि ते फॉर्म आमच्याकडे यायचे. मी, माहेरची वैद्य, नुकतीच बी. ए. झालेली, गिरगावातून ट्रामनं यायची. फॉर्मवरच्या प्रत्येक उत्तराला एक आकडा देणं हे माझं काम. बाई की पुरुष, वय, धर्म, गिरणीतलं खातं, फुप्फुसावर डाग. मग पंचिंगच्या मुली त्या आकड्यांप्रमाणे जाड कागदाच्या कार्डात भोकं पाडायच्या. एका माणसाचं एक कार्ड. कार्डांचा गठ्ठा यंत्रात घातला की यंत्र भोकं वाचायचं, कार्डं निवडून वेगळी करायचं आणि मोजायचं.

अशी यंत्रं दोन होती. जुनं लष्कराच्या लिलावातून घेतलेलं, आणि ते पूर्ण यांत्रिक. त्याच्या कार्डांना गोल भोकं. वरून सुया खाली यायच्या. भोक असेल तिथे सुई आरपार जायची, नसेल तिथे अडायची. नवं यंत्र एका कंपनीकडून भाड्यानं आलेलं, विजेवर वाचणारं. त्याच्या कार्डांना चौकोनी भोकं. तांब्याच्या तारांचा एक ब्रश कार्डावरून घासत जायचा, भोक आलं की तार खालच्या रुळाला टेकायची आणि वीज वाहायची. याचं कार्ड त्याला चालायचं नाही, त्याचं याला नाही. जुनं यंत्र तांब्यांचं. नवं मिस डिमेलोंचं.

तांबे चाळिशी उलटलेले, काटकुळे, डिलाईल रोडच्या चाळीत राहणारे. अंगात कायम खाकी अर्ध्या बाह्यांचा सदरा. युद्धात ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि हे यंत्र तिथेच शिकले. सदऱ्याच्या खिशात लोक पेन लावतात तशी त्यांच्या खिशाला एक लांब विणायची सुई असायची. शंका आली की पाचपन्नास कार्डं नीट जुळवून हातात धरायचे आणि भोकातून ती सुई घालायचे. सगळ्यांतून आरपार गेली तर ठीक. मधेच अडली तर ते कार्ड काढून उजेडाकडे धरायचे आणि हळूच म्हणायचे, "हा बघा, चुकीच्या घरात शिरलेला." कार्डाला ते कधी कार्ड म्हणत नसत. 'हा' किंवा 'ही' म्हणत. पुरुषाचं कार्ड 'हा', बाईचं 'ही'.

यंत्र चालू झालं की त्याच्या लोखंडी अंगाला कान लावून उभे राहायचे. एकदा मी विचारलं, काय ऐकता? म्हणाले, "चाल ऐकतो, वैद्यबाई. लंगडायला लागलं की आधी कानाला कळतं, आकड्याला मागाहून."

ते कामावर रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी आमचे व्यवस्थापक कर्णिकसाहेब त्यांना माझ्यासमोर म्हणाले होते, "तांबे म्हणजे कोकणातले ना? अरे वा. आमच्या शेजारी तांबे राहतात, वेदशास्त्रसंपन्न घराणं. तुमच्यापैकीच कोणी?"

"कोकणातलाच, साहेब," तांबे म्हणाले. "चिपळूणकडचा. पण त्या तांब्यांच्या आळीतला नाही. गावकुसाबाहेरचा."

कर्णिकसाहेबांनी "असं होय" म्हटलं आणि हातातली फाईल उघडली. ती उलटी होती, हे मला अजून आठवतं. हेही आठवतं की त्या क्षणापर्यंत मीही साहेबांसारखंच धरून चालले होते. तांबे मात्र उत्तर देऊन खाली बसले आणि यंत्राला तेल घालायला लागले. हा प्रश्न त्यांना जन्मभर कोणी ना कोणी विचारत असणार. उत्तर देताना त्यांच्या आवाजात राग नसायचा. वजन रोज त्याच खांद्यावर घेऊन घट्टा पडावा, तसं काहीतरी असायचं. पाणी ते घरून लष्करी बाटलीतून आणायचे. ऑफिसच्या माठाला हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि कोणी लावा म्हटलेलंही ऐकलं नाही. मीही म्हटलं नाही.

मिस डिमेलो माहीमच्या, तिथल्याच मूळच्या ख्रिस्ती घरातल्या. ठेंगण्या, गोऱ्या, पायांत टकटक वाजणारे बूट. अकरा वाजता चहा आला की सामना सुरू.

"तांबे, तुमचा म्हातारा काल किती कार्डं जेवला?"

"जेवढी पचली तेवढी."

"माझ्या पोरानं त्याच्या दुप्पट केली. जेवणाच्या सुट्टीआधी."

"मोजली की नुसती पुढं ढकलली, बाई?"

"तुमी ना, बैलगाडीवाले. मोटारीतनं माणसं पडतात म्हणून बैलगाडी बरी, असं म्हणणार. आणि ब्रश तर तांब्याचा हाय. नाव तुमचंच. मग राग कशाला?"

"नावावर जाऊ नये, बाई. मला विचारा."

यावर मिस डिमेलो मान मागे टाकून हसायच्या. मग दोघं गंभीर होऊन बोलायचे. त्या म्हणायच्या, यांत्रिक सुया झिजतात, दमट हवेत कार्ड फुगलं की अडकतात, एक जोडणी बदलायची तर विलायतेहून पेटी मागवावी लागते. माझ्याकडे चार वायरी इकडच्या तिकडे खोचल्या की नवं काम सुरू. तांबे हे सगळं मान्य करायचे. त्यांचा मुद्दा एकच, आणि तो ते तीन वर्षं न कंटाळता मांडत राहिले. "माझं चुकतं तेव्हा अडतं. खडखडाट करून थांबतं, मला हाक मारतं. तुमचं चुकतं आणि तसंच पळत राहतं."

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची होती. सगळी मुंबई भांडत होती आणि सगळी मुंबई थकलेली होती. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा कोणाच्या तरी चाळीतला पोरगा गोळीबारात गेलेला. तांबेही सत्याग्रहात सात दिवस तुरुंगात जाऊन आले. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर मी नसताना यंत्राला तेल कोणी घातलं. त्यांना मी विचारलं, मुंबई मिळेल का आपल्याला? "मिळेल," ते म्हणाले, "मिळायलाच पाहिजे." आणि थोड्या वेळानं, "मिळाल्यावर आमच्या मजल्यावरच्या नळाला पाणी चढेल का, ते मात्र सांगता येत नाही."

एका हरताळाच्या दिवशी आम्ही तिघंच ऑफिसात अडकलो. सकाळी लवकर आलो होतो, तोवर बाहेर जमाव जमला आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. डोळे चुरचुरायला लागले. मिस डिमेलोंनी रुमाल भिजवून मला दिला. तेवढ्यात बाहेरून कोणी ओरडलं, "हापिस बंद करा!" आणि खिडकीची काच फुटली. खिडकीला लागून नवं यंत्र होतं. तांब्यांनी आपल्या जुन्या यंत्रावरची ताडपत्री ओढली, धावत गेले आणि ती नव्या यंत्रावर टाकली. दुसरा दगड त्यांच्या कोपराला लागला. ते खिडकीतून बाहेर वाकले आणि म्हणाले, "अरे, बंदच आहे रे! मी पण तुमच्यातलाच आहे. इथं तुमच्या आईबापांची कार्डं आहेत, त्यांच्यावर दगड मारू नका."

बाहेरून कोणीतरी म्हणालं, "चला रे पुढं." जमाव गेला.

मिस डिमेलो त्यांच्या कोपराला पट्टी बांधत होत्या. "माझ्या मशिनीवर घातली ताडपत्री? तुमच्या म्हाताऱ्यावर काच पडली असती मग?"

"त्याला काय होतंय. काच पडली तर झाडायची. तुमच्या ब्रशात एक कण गेला तर तुम्हाला कळणार पण नाही."

"मदत करताना पण टोमणा," मिस डिमेलो म्हणाल्या, पण त्यांनी पट्टीची गाठ हळू बांधली.

याच सुमाराला धर्माच्या रकान्याचा प्रश्न आला. छापील यादीत हिंदू एक, मुसलमान दोन, ख्रिस्ती तीन, पारशी चार, जैन पाच, एवढेच. आदल्या वर्षी दीक्षा झाली होती. डिलाईल रोडच्या चाळींमधून फॉर्म आले, त्यांत घरामागून घर लोकांनी एकच शब्द लिहून दिला होता: बौद्ध. मी कर्णिकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "एक टाका. नाहीतर सोडून द्या तो रकाना, रिकामा ठेवा."

तांबे पलीकडे होते. हात पुसत आले. "साहेब, एक टाकलं तर ते खोटं होईल. रिकामं ठेवलं तर ते कुठंच जाणार नाहीत. सहा आकडा मोकळा आहे. सहा द्या."

"तांबे, हे तुम्ही स्वतःच्या समाजाचं म्हणून बोलताय."

"समाजाचं म्हणून बोललो असतो तर आवाज मोठा असता, साहेब. मी यंत्राचं बोलतोय. जागा रिकामी सोडलेली आहे की वाचायची राहिली आहे, यातला फरक त्याला कळत नाही."

मिस डिमेलो आपल्या टेबलावरून म्हणाल्या, "सहा द्या. माझ्या मशिनीला सहा पण चालतो." दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं पाहून साहेब दचकले असावेत. सहा मिळाला. तांबे जागेवर जाऊन बसले. दुपारी मी सहा टाकलेले पहिले फॉर्म पंचिंगला नेत होते, तेव्हा त्यांनी गठ्ठा मागून घेतला, वरचा फॉर्म वाचला आणि परत दिला.

त्याच झटक्यात त्यांनी दुसरी गोष्ट मागितली होती. फुप्फुसावर डाग असेल तर आम्ही भोक पाडायचो. नसेल तर काहीच नाही. तांबे म्हणत होते, निरोग्यालाही भोक पाडा, दुसऱ्या घरात पाडा, पण पाडा, म्हणजे न वाचलेलं कार्ड आपोआप वेगळं पडेल. साहेब म्हणाले, "बहुतेक लोक निरोगीच निघतात. एवढी फुकट भोकं पाडायला मुली कुठून आणू?" आणि ते राहून गेलं.

पुढल्या वर्षी ट्रस्टनं ठरवलं की दोन यंत्रं परवडत नाहीत. एकच ठेवायचं. कुठलं, ते चाचणी घेऊन ठरवू. काळाचौकीच्या चाळींचे फॉर्म तेव्हा नुकतेच आले होते. त्यांची कार्डं दोन्ही प्रकारची पाडली गेली, गोल आणि चौकोनी, आणि दोन्ही यंत्रांना एकाच वेळी काम दिलं. डाग असलेल्यांची यादी काढायची, म्हणजे त्यांना दवाखान्यात बोलावण्याची पत्रं पाठवता येतील.

मिस डिमेलोंचं यंत्र जेवणाच्या सुट्टीआधी मोकळं झालं. तांब्यांचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधे दोनदा कार्डं अडकली, तांब्यांनी ती चिमट्यानं काढली आणि पुन्हा घातली. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. साहेबांनी वाट पाहिली नाही. नव्या यंत्राची यादी आली त्याच दिवशी पत्रं रवाना झाली.

दोन याद्यांचे आकडे जुळले नाहीत. तांब्यांची यादी चौदानं मोठी होती.

"म्हातारा जास्त मोजतो," मिस डिमेलो म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"हातानं मोजू," तांबे म्हणाले.

साहेब म्हणाले, त्याची गरज नाही. दोन आठवडे गेले. तांबे रोज सकाळी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "साहेब, ते चौदा." शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "मोजा. ऑफिसच्या वेळेनंतर मोजा." मग तीन संध्याकाळी आम्ही तिघांनी मूळ फॉर्म काढून एकेक शेरा वाचला. मी वाचायची, मिस डिमेलो आपली कार्डं बघायच्या, तांबे आपली. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. नव्या यंत्राच्या ब्रशाची एक तार किंचित वाकली होती. कधी टेकायची, कधी नाही. अकरा कार्डांवर भोक होतं, यंत्रानं ते वाचलं नव्हतं, आणि ती अकरा कार्डं निरोग्यांच्या गठ्ठ्यात जाऊन बसली होती.

मिस डिमेलो त्या अकरा कार्डांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उरलेले तीन?"

"ते माझे," तांबे म्हणाले. "कार्डं अडकली तेव्हा तीन मोजून झाली होती. मी ती दुसऱ्यांदा घातली. चूक यंत्राची नाही, माझी."

"हे सांगणार तुमी साहेबांना?"

"मग?"

"सांगू नका. अकराच सांगा. तुमची मशीन राहील." हे मिस डिमेलो बोलत होत्या, ज्यांचं यंत्र त्यामुळे गेलं असतं.

तांब्यांनी विणायची सुई खिशाला लावली. "आकडा द्यायचा तर पुरता द्यायचा, बाई. अर्धा आकडा दिला तर आपण दोघं तीन वर्षं कशाबद्दल भांडत होतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. कर्णिकसाहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे चुका दोन्हीकडे. मग जे जलद ते ठेवायचं. सरळ आहे."

"साहेब, माझ्या चुकीनं तिघांना दोन-दोन पत्रं गेली असती. त्या चुकीनं अकरा जणांना एकही गेलं नाही."

"अहो, एवढ्या हजारांत अकरा म्हणजे किती? टक्केवारी काढली तर शून्यच धरतात."

मला वाटलं आता तरी तांब्यांचा आवाज चढेल. त्यांनी फक्त अकरा नावं आणि पत्ते लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला. बोलल्या त्या मिस डिमेलो. "नवी मशीन ठेवा. पण ब्रश दर महिन्याला बदलायचा, आणि निरोग्याला पण भोक पाडायचं. तांबे सांगतात तसं. नायतर मी चालवणार नाय." साहेबांनी मान्य केलं. म्हणजे तांब्यांचं म्हणणं राहिलं आणि तांब्यांचं यंत्र गेलं.

त्या अकरा जणांकडे ते स्वतः गेले. ऑफिस सुटलं की काळाचौकीला. एका संध्याकाळी मीही गेले, फॉर्म मी वाचले होते म्हणून. दुसऱ्या मजल्यावरची खोली. कोकणातली बाई, कडेवर मूल. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, दुसऱ्या पाळीला गेलेला. तांब्यांनी नाव विचारून खात्री केली आणि म्हणाले, "वहिनी, त्यांना दवाखान्यात यायला हवं. फोटोत डाग आहे."

"असा कसा?" ती म्हणाली. "शेजारच्यांका पत्र इला. आमका नाय इला. तुमच्याच माणसान सांगितल्यान, पत्र नाय इला तर बरो आसा म्हणून." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "आमी देवाक नारळ फोडलो. चाळीत साखर वाटली."

तांबे भिंतीला हात लावून उभे राहिले. "चूक आमची आहे."

"आमची म्हणजे कोणाची?"

मला वाटलं, ते आता यंत्राचं सांगतील, ब्रशाचं, साहेबांचं. "माझी," ते म्हणाले. "उद्या सकाळी आठ वाजता मी खाली उभा राहीन. त्यांना घेऊन जाईन."

ती आत गेली आणि दोन पेल्यांत पाणी घेऊन आली. तांब्यांनी पेला घेतला, आणि पिण्याआधी तिला आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, गावकुसाबाहेरचा हेही सांगितलं. ती क्षणभर बघत राहिली. "पाणी प्या हो," ती म्हणाली. "तेका इंजेक्शनां लागतली काय?"

जिना उतरताना मी त्यांना म्हटलं, "तुमची चूक नव्हती ती. का घेतलीत अंगावर?"

"कोणाची सांगू तिला? वाकड्या तारेची?" दोन पायऱ्या उतरून ते थांबले. दम लागला होता. "दार वाजवणारा मी होतो ना."

अकरांपैकी नऊ जण दवाखान्यात आले. तो साच्यावरचा माणूस त्यांत होता, वर्षभर उपचार घेऊन तो पुन्हा कामावर गेला. एक बाई बदली कामगार होती, नोकरी जाईल म्हणून यायला तयार नव्हती. तांबे चार रविवार तिच्या दारात जाऊन बसले. पाचव्या रविवारी ती चप्पल घालून त्यांच्याबरोबर निघाली. अकरावा कुडाळकडे आपल्या गावी निघून गेला होता. त्याला तांब्यांनी तीन पोस्टकार्डं टाकली. उत्तर आलं नाही. तो विषय ते कधी काढत नसत, आणि मी विचारायचं धाडस केलं नाही.

त्यानंतरचं वर्षभर तांबे ऑफिसात होते, पण काय करायचं ते त्यांना कोणी सांगत नव्हतं. जुनं यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. मिस डिमेलो आपला ब्रश बदलायला मुद्दाम त्यांनाच बोलवायच्या. ते बदलून द्यायचे, अगदी नीट. चहाच्या वेळी त्या काहीबाही बोलून डिवचायच्या. तांबे हसायचे, पण उलट बोलत नसत. तो सामना संपल्याचं बहुतेक मिस डिमेलोंनाच जास्त लागलं. एकदा त्या मला म्हणाल्या, "जिंकून काय मजा नाय गं."

मग अहमदाबादच्या एका गिरणीच्या ऑफिसनं ते यंत्र विकत घेतलं. ते चालवणारं माणूस तिकडे नव्हतं. साहेबांनी तांब्यांना विचारलं, जाल का? निदान बसवून द्या, शिकवून द्या. तांब्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि हो म्हणाले. मुंबईसाठी सात दिवस तुरुंगात बसलेला माणूस, मुंबई मिळायच्या ऐन वेळेला गुजरातेत चालला होता. मी हे त्यांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "काय करणार, वैद्यबाई. हे यंत्र चालायला मी लागतो. मुंबई माझ्यावाचून चालेल."

नवं राज्य झालं त्या दिवशी सकाळी मी लालबागला मावशीकडे आले होते. चाळीचाळींना तोरणं, रस्त्यावर रांगोळ्या, लेझीमची पथकं. आनंद होता, पण पाच वर्षं जागरण केलेल्या घरातल्या लग्नासारखा; माणसं नाचत होती आणि मधेच कट्ट्यावर बसकण मारत होती. गर्दीच्या मधोमध एक लॉरी अडकून पडली होती. मागे मोठं खोकं, वर ताडपत्री, आणि खोक्याला टेकून तांबे उभे.

मी गर्दीतून वाट काढत जवळ गेले. "तांबे! आजचा दिवस तरी थांबायचं!"

"ड्रायव्हर म्हणाला, आज सुट्टी आहे, रस्ता मोकळा असेल," ते वरून म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत जरा होतं. "मिस डिमेलोंना सांगा, पावसाळ्यात कार्डं बल्बच्या उबेला ठेवा म्हणावं."

"परत कधी येणार?"

"हे तिकडं चालायला लागलं की येतो."

त्यानंतर वर्षभरात माझं लग्न झालं, मी नोकरी सोडली आणि पुण्याला गेले. ते परत आले का, मला ठाऊक नाही.

त्या सकाळी लॉरी दोन हात पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. गच्चीवरून मुलांनी गुलालाच्या मुठी उधळायला सुरुवात केली. ताडपत्री एका बाजूनं सुटली होती, फळ्यांच्या फटी उघड्या पडल्या होत्या. तांब्यांनी वर बघितलं आणि गुलाल आत जाऊ नये म्हणून झटकन दोन्ही हात पसरून खोक्यासमोर उभे राहिले. गुलाल त्यांच्या डोक्यावर, खाकी सदऱ्यावर, तोंडावर पडत होता. खालच्या लेझीमवाल्यांना वाटलं, लॉरीवरचा माणूस आनंदानं हात पसरून उभा आहे. त्यांनी त्याच्याकडे बघून मोठ्यानं आरोळी दिली, "जय महाराष्ट्र!" ते त्याच्या उत्तराची वाट बघत थांबले.

तांब्यांनी हात खाली घेतले नाहीत. डोळे मिटलेले होते. लाल झालेले ओठ हलले, आवाज खालपर्यंत पोचला नाही, पण "जय महाराष्ट्र" तेही म्हणाले, एवढं मला दिसलं. मग ढोल पुन्हा सुरू झाले आणि लॉरी दादरच्या दिशेनं सरकली.